नाक्यावरचा दगड: उचलायचा की तिथेच ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भायखळ्याच्या बाजूला एका नाक्यावर तुमचं दुकान आहे. समोर फुटपाथच्या कडेला एक काळा दगड रुतलेला आहे, जेमतेम फूटभर वर दिसतो. त्यावर रोमन आकड्याचे उभे दांडे आहेत, दोन की तीन ते कळत नाही. खाली 'माइल्स' असं इंग्रजी अक्षर अर्धं दिसतं आणि उरलेलं जमिनीत गेलंय. चहावाला त्यावर बसतो, कुणीतरी पानाच्या पिचकाऱ्या मारतो. मंडळाने वर्गणी जमवली आहे. दगड उचलून शेजारच्या देवळाच्या आवारात ठेवायचा, काळा ऑइल पेंट मारून अक्षरं सोनेरी करायची आणि वर ग्रॅनाइटची पाटी लावायची, असं ठरलंय. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंत.

हेतू शंभर टक्के बरोबर आहे. तीन कामांपैकी दोन मात्र अजिबात करू नका आणि तिसरं जरा वेगळ्या पद्धतीने करा. मी बावीस वर्षं दगडाच्या जतनाचं काम करते. त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांनी प्रेमाने केलेलं नुकसान निस्तरण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तो दगड काय आहे ते सांगते. तुमच्या वर्णनावरून तो मुंबईच्या जुन्या मैलाच्या दगडांपैकी एक दिसतो. पूर्ण मजकूर 'इतके मैल, सेंट थॉमस चर्चपासून' असा असतो. हे चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं, १७१८ च्या नाताळात उघडलेलं. किल्ल्याच्या तटबंदीतला जो दरवाजा या चर्चकडे जायचा तो चर्चगेट. दरवाजा गेला, तट १८६० च्या दशकात पाडला, १८६४ मध्ये त्या दरवाजाच्या जागी फ्लोरा फाउंटन उभं राहिलं, आणि नाव तेवढं लोकलच्या इंडिकेटरवर शिल्लक आहे. तेव्हाची वस्ती तटाच्या आत होती, त्यामुळे अंतर मोजायची सुरुवातही आतल्या चर्चपासून. काळबादेवीपासून परळ-दादरपर्यंत असे दगड सापडले आहेत. महापालिकेने त्यांतले काही वर काढून नीट बसवले आहेत. तेव्हा तुमचा दगड कुणाला माहीतच नाही, असं आधीच धरून चालू नका. वॉर्ड ऑफिसला जाण्यापूर्वी महापालिकेच्या वारसा विभागात एकदा विचारून या. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. यादीतल्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावलात, तर चांगलं करायला जाऊन नोटीस घ्याल.

दगडाचं वय काढायची एक सोपी खूण अक्षरातच आहे. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला आणि सेंट थॉमस 'चर्च'चं 'कॅथेड्रल', म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. आजवर सापडलेल्या दगडांवर 'चर्च' आहे. कोरणाऱ्याने जुनं नाव सवयीने पुढेही वापरलं असेल, त्यामुळे याला पुरावा म्हणता येणार नाही. तरी दगड एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत, याच्याशी ते जुळतं. तुमच्या दगडाचं शेवटचं अक्षर वाचता आलं तर म्हणूनच फार महत्त्वाचं आहे, आणि ते अजून जमिनीखाली आहे.

आता पहिला मुद्दा, हलवण्याचा. देवळातली मूर्ती हलवली तरी ती मूर्तीच राहते. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, हलवला तर गावाची हद्द किंवा रणाची जागा हरवते, पण त्यावरची लढाई तरी दिसते. मैलाचा दगड हलवला की तो फक्त जड पाटा उरतो. त्यावर एकच विधान कोरलं आहे, 'इथून तिथपर्यंत इतकं.' त्यातलं 'इथून' तुम्ही काढून घेता. आजवर मी पाहिलेल्या अशा 'सुरक्षित' हलवलेल्या दगडांपैकी निम्म्यांची मूळ जागा आज कुणालाही सांगता येत नाही. हलवणारे गेले, आणि जागा कागदावर कुणी लिहूनच ठेवली नव्हती.

जागेवरच ठेवायचा म्हणजे रुतलेलाच ठेवायचा असं मात्र नाही. तो जिथे आहे तिथेच सरळ वर उचलता येतो. दगड खाली गेलेला नाही, रस्ता वर आलाय. जुना थर न खरवडता दरवेळी वर नवा थर ओतायचा, ही आपली पद्धत. जुन्या मुंबईत दुकानाच्या पायऱ्या मोजून बघा. आजोबांच्या वेळी तीन पायऱ्या चढून जायचं, आता एक उतरून जावं लागतं, अशी दुकानं तुमच्याच गल्लीत निघतील.

उचलताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा, आणि कंत्राटदाराला आधीच सांगून ठेवा. पाथरवट असा दगड घडवताना जमिनीवर राहणारा भाग तेवढा टाकीने साफ करतो आणि गाडायचा भाग ओबडधोबड सोडतो. उगाच मेहनत कोण करेल? त्यामुळे माती काढत खाली गेलात की एका ठिकाणी सुबक टाकीचे बारीक, एका ओळीत बसलेले घाव संपतात आणि खडबडीत दगड सुरू होतो. ती रेघ म्हणजे बसवला त्या दिवसाची जमीन. तिथे टेप लावा आणि आजच्या फुटपाथपर्यंत मोजा. तुमच्या नाक्याचा रस्ता किती चढला त्याचा आकडा हातात येतो. हे कुठल्याही दप्तरात मिळत नाही. मजूर मात्र 'बाई, खालचं तर दिसणारच नाही' म्हणत ही रेघ सिमेंटने सारवून टाकतात. मी समोर उभी असताना हे झालेलं आहे.

उचलण्याआधी दगडाची जागा बांधून घ्या, म्हणजे दोन-तीन कायमच्या वस्तूंपासून टेपने अंतर मोजा. समोरच्या दगडी इमारतीचा कोपरा घ्या, विजेचा खांब घेऊ नका, तो पुढच्या वर्षी हलतो. मोबाइलचं लोकेशन यासाठी निरुपयोगी आहे, त्यात काही मीटरची चूक सहज असते, आणि एवढ्यात दगड रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जातो. अक्षरांचं तोंड कुठल्या दिशेला आहे, तेही लिहा. तोंड रस्त्याकडे असतं, त्यामुळे जुना रस्ता कुठल्या बाजूने जायचा हे त्यावरून कळतं.

खणायचं काम स्वतः करू नका. फुटपाथखाली विजेच्या केबल, गॅसची पाइप, टेलिफोन, पाणी, सगळ्यांचा संसार एकाच खड्ड्यात असतो. महापालिकेचा माणूस हजर असू द्या आणि पहिला दीड फूट हातानेच काढा, पहार नको. दगडाला साखळी लावून जेसीबीने ओढायचा नाही. तिपाई, चेन-पुली आणि रुंद नायलॉनचे पट्टे पुरतात. काळ्या दगडाला आतून जुनी चीर असते, ती बाहेरून केसाएवढी दिसते. साखळीचा झटका बसला की तिथूनच दोन तुकडे.

पुन्हा बसवताना खाली सिमेंट काँक्रीटचा ठोकळा ओतायची घाई नको. विटांचा चुरा आणि चुना यांचा मसाला घ्या, भोवती खडी भरा म्हणजे पाणी निघून जाईल. सिमेंट कडक असतं, त्यातले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात आणि वाळताना पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. आपला बेसॉल्ट कणखर, पण दोनशे पावसाळे खाल्लेला त्याचा वरचा पातळ थर तेवढा कणखर नसतो, आणि अक्षरं नेमकी त्याच थरात आहेत.

रंगाबद्दल. ऑइल पेंट ही दगडावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी समजा. आतली ओल बाहेर पडत नाही, दोन पावसाळ्यांनी फुगे येतात, मग मंडळ पुन्हा रंगवतं, मग पुन्हा. दहा-बारा थर चढले की उथळ कोरलेलं अक्षर भरून सपाट होतं. वर सोनेरी अक्षरं रंगवणारा पेंटर बऱ्याचदा इंग्रजी न वाचता खुणेने रंगवतो. 'दोन की तीन दांडे' ही तुमची अडचण बहुधा अशाच जुन्या रंगामुळे आली आहे. पेंटरने दोन सोनेरी केले, तर पुढची पन्नास वर्षं तो दोन मैलांचाच दगड राहील.

शेंदराबद्दल मात्र मी इतकी कडक नाही. हे माझ्या क्षेत्रातल्या काहींना आवडणार नाही, पण आपल्याकडे कितीतरी दगड शेंदराने वाचवले आहेत. गधेगळ घ्या. शिलाहारांच्या काळापासूनचे हे दानाचे दगड, वर चंद्र-सूर्य, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी. बऱ्याच गावांत लोक तो अपशकुनी म्हणून टाळतात, काही गावांत त्यालाच शेंदूर लावून देव करतात. दोन्ही ठिकाणी कुणी पायरीला वापरायची हिंमत केली नाही. मुंबईच्या मैलाच्या दगडांतही काहींना हारफुलं वाहिली गेली आहेत. महापालिकेची नोटीस बिल्डर वाचत नाही, हळदकुंकू मात्र बघतो. तुमच्या दगडाला कुणी फूल वाहत असेल तर भांडू नका. तेल आणि शेंदूर अक्षरांवर नको, एवढंच हात जोडून सांगा.

साफसफाईला पाणी आणि मऊ ब्रश, बस. तारेचा ब्रश नको, फरशी धुवायचं ॲसिड तर मुळीच नको, पॉलिश पेपर नको, वाळूचा मारा नको. पानाचे डाग निघत नसतील तर राहू द्या. जुना रंग काढायचा असेल तर रसायनाचा लेप लावून, मऊ झाल्यावर बांबूच्या चपट्या काडीने उचलावा लागतो. ते जाणकाराकडून करून घ्या, पैसे तिथे खर्च करा.

आणि वाचायला दगड घासावा लागत नाही. रात्री दहानंतर दुकानांचे दिवे मंदावले की टॉर्च घेऊन जा. समोरून उजेड टाकलात तर काही दिसणार नाही. टॉर्च दगडाच्या अंगाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा. टॉर्च हळूहळू फिरवा, एकदा डावीकडून, एकदा वरून. कोरलेल्या प्रत्येक रेषेला सावली पडते आणि दिवसा सपाट दिसणारा दगड बोलायला लागतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ज्या दगडावर आठ दिवस डोकं फोडलं होतं, तो दहा मिनिटांत वाचला. मोबाइल स्थिर ठेवून प्रत्येक दिशेचा फोटो घ्या. खडूने अक्षरं भरायची सवय असते, ती टाळा. आपल्याला जे वाचायचंय तेच खडू भरतो. पुराभिलेखवाले, म्हणजे जुने कोरीव लेख वाचणारे, ठसे घेतात, ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे, नाहीतर शाई दगडालाच लागते.

दोन की तीन याची दुसरी परीक्षा घरबसल्या होते. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. दोन मैल म्हणजे साधारण ३.२, तीन म्हणजे ४.८. नकाशावर चर्चपासून तुमच्या नाक्यापर्यंत मोजा, पण ॲप दाखवेल त्या जवळच्या रस्त्याने नको. उड्डाणपूल आणि एकदिशा मार्ग विसरा. काळबादेवी, भेंडीबाजार, भायखळा अशी जुनी वाट धरून बोट फिरवा. आकडा ४.८ च्या अलीकडे-पलीकडे आला तर तीन. अडनिडा, म्हणजे चारच्या आसपास आला, तर दगड कधीतरी हलवला गेलाय अशी शंका घ्या. आणि शहरातून उत्तरेला जाणाऱ्या वाटा एकाहून जास्त होत्या, त्यामुळे एकाच आकड्याचे दोन दगड वेगळ्या भागात असू शकतात. दुसऱ्या कुणी 'आमच्याकडेही तीन आहे' म्हटलं तर तुमचा खोटा ठरत नाही.

आता पाटी. ती जरूर लावा, पण दगडावर नाही, दगडाला भोक पाडून नाही, शेजारच्या भिंतीवर किंवा छोट्या खांबावर लावा. ग्रॅनाइटचा चौथरा, स्टीलचा कठडा, वर छत्री, हे सगळं वाचलेल्या वर्गणीतूनही करू नका. पितळ चोरीला जातं. चकचकीत काळा ग्रॅनाइट उन्हात आरसा होतो आणि वाचणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसतं. खरबरीत केलेला दगड किंवा मीनाकाम केलेला लोखंडी पत्रा, जुन्या रेल्वे स्टेशनांवर असायचा तसा, उत्तम टिकतो.

मजकुराला सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि तोच सगळ्यात जास्त टिकतो. नागपूरचा झिरो माइल बघा. १९०७ चा तो खांब, शेजारी चार घोडे, सीताबर्डीजवळ विधानभवनाच्या अंगाला. पाठ्यपुस्तकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्याला 'भारताचा मध्यबिंदू' म्हणतात. खरं तर तो सर्वेक्षण खात्याचा उंची मोजण्याचा प्रमाणबिंदू आहे. त्याच्या चौथऱ्यावर जबलपूर, बैतूल, छिंदवाडा अशा गावांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. मध्यबिंदू ही नंतर चिकटलेली गोष्ट आहे, आणि आता ती सुटत नाही. तुमच्या पाटीवर 'मुंबईतील सर्वात प्राचीन दगड' असं काहीतरी लिहायचा मोह कुणाला तरी होईल. त्या माणसाला चहा पाजा आणि पाटीपासून लांब ठेवा.

मी स्वतः मार खाल्लेला आहे, म्हणून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका गावातल्या शिलालेखाच्या पाटीचा मजकूर मी लिहून दिला. लेखात शक होता, महिना माघ. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत घोकलेलं. मिळवले आणि दिलं. माघ महिना येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, तिथे ७९ मिळवायचे असतात. पाटी तीन वर्षं तशीच होती. दुरुस्त करून घ्यायला गेले तर गावातले म्हणाले, आता पोरांनी तेच वर्ष पाठ केलंय.

मजकुराच्या लांबीबद्दल लंडनच्या निळ्या पाट्या नजरेसमोर ठेवा, नामवंत माणसं राहिली त्या घरांवर लावतात त्या. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये लंडनला होते तेव्हा हॉली प्लेसमधल्या ज्या घरात राहिले, तिथे अशी गोल पाटी आहे. नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वचिंतक', आणि अमुक काळात इथे राहिले. संपलं. गंमत म्हणजे हायगेटच्या इंडिया हाउसवर सावरकरांच्या पाटीतही हेच विशेषण आहे. दोघांच्या अनुयायांना ते एकसारखं वाटणार नाही, पण पाटीवर जागा तेवढीच असते. माणूस जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय तिथे पाटी लागत नाही, हा नियमही मला फार आवडतो. आपल्याकडे उलट, पाटीवर उद्घाटकाचं नाव सगळ्यात मोठं, मग प्रमुख उपस्थिती, मग निमंत्रक, आणि तळाला बारीक अक्षरांत ज्याच्यासाठी पाटी लावली तो. मंडळाचं नाव टाका, एका ओळीत, खाली. 'शुभहस्ते' लिहायचंच असेल तर वेगळा फलक करून मंडळाच्या कार्यालयात लावा.

तुमच्यासाठी असा मजकूर सुचवते: 'मैलाचा दगड. येथून सेंट थॉमस चर्च, फोर्ट, तीन मैल (सुमारे ४.८ किमी). एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध. दगड मूळ जागी आहे. रस्त्याची पातळी वाढल्याने तो जमिनीत गेला होता, अमुक साली वर उचलला.' आकडा टॉर्चने आणि नकाशाने पक्का झाल्यावरच घाला. मूळ जागेचं वाक्यही नकाशाने दुजोरा दिला तरच ठेवा, आणि मग ते गाळू नका.

कोरायला देण्यापूर्वी एक शेवटचा सापळा. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पाटीवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात. 'एकोणिसाव्या'तला अर्धा व पाय मोडून बसतो, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, वेलांटी भलतीकडे जाते. दुकानात संगणकाच्या पडद्यावर बघून 'ठीक आहे' म्हणू नका. खऱ्या मापाचा कागदी प्रिंट काढा, भिंतीवर चिकटवा, दोन मीटर लांब उभं राहून मोठ्याने वाचा. मग दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा, शक्यतो आठवी-नववीतल्या मुलीला, त्या वयात चुका पटकन सापडतात.

चहावाल्याला हाकलू नका. तो सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तिथे असतो, त्याच्याइतका पहारेकरी तुम्हाला पगार देऊनही मिळणार नाही. त्याला बसायला एक स्टूल घेऊन द्या आणि दगडाचे फोटो त्याच्या टपरीत लावा.

पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा खणण्याचं काम आता दिवाळीनंतरच. तोवर या आठवड्यात टॉर्चचे फोटो आणि नकाशावरचं अंतर एवढं करा, मला पाठवा. परवानगीच्या अर्जाबरोबर जोडायचं मोजमापाचं रेखाटन कसं करायचं ते त्यानंतर सांगते.